रुग्णाचे दुःख दिसत नाही

गोंदिया
रविवार, ६ जुलै २०२५

मोठेबाबा, नमस्कार.

हे पत्र मी हौसेनं लिहून नाही राहिली, आधीच सांगून देते. विद्यापीठानं आमच्या नर्सिंगसाठी नवी इमारत बांधली ना, तिथं दर रविवारी तीन ते चार 'पत्राचा तास' असतो. विद्यार्थ्यांच्या मनाची काळजी घ्यायला प्रेरणा मॅडम नेमल्या आहेत. त्या दारात टोपली घेऊन उभ्या राहतात, सगळ्यांचे मोबाइल त्यात जमा करतात आणि हातात आंतर्देशीय पत्र ठेवतात. म्हणतात, हातानं लिहिलं की मन हलकं होतं. बाकीच्या पोरी एकाच बाकावर बसून एकमेकींना पत्र लिहून राहिल्या. मी म्हटलं, आपल्या घरात पत्राला उत्तर देईल असा एकच माणूस आहे. तुम्ही एकतीस वर्षं पिंपळटोल्याचं पोस्ट सांभाळलं. आणि मोठीआई गेल्यापासून तुम्ही फोन तर उचलतच नाही.

इमारत पाहण्यासारखी आहे. आत भिंतींना कोपरे नाहीत, सगळं गोल. कोपऱ्यांनी मनावर ताण येतो म्हणे. मला शरीरशास्त्राचा येतो, कोपऱ्याचा कधी आला नाही. मधोमध उघडा चौक आहे, त्यात कडुनिंब. प्रत्येक वर्गाच्या खिडकीतून ते झाड दिसलंच पाहिजे असा नकाशा काढला आहे. दुसऱ्या मजल्यावर खोटा वॉर्ड आहे, आठ खाटा आणि त्यांवर रबराचे पेशंट. ते श्वास घेतात, खोकतात. एक तर मधूनच "सिस्टर, दर्द हो रहा है" म्हणतो. आणि पहिल्या मजल्यावर 'निवांत' नावाची खोली आहे. गाद्या, उशा, मंद दिवा. कोणाला रडू आलं तर तिथं जाऊन रडायचं. दार काचेचं आहे आणि समोर कँटीन. अजूनपर्यंत आत कोणी गेलं नाही.

आता मुद्द्याचं. मी संवादाच्या परीक्षेत नापास झाली. पंचवीसपैकी सात. त्यात रबराचा पेशंट नव्हता, जिवंत माणूस होता. भुपेंद्र नावाचे झाडीपट्टीच्या नाटकातले नट आहेत. दिवाळीनंतर त्यांचे प्रयोग सुरू होतात, पावसाळ्यात रिकामे असतात, म्हणून कॉलेज त्यांना खोटा पेशंट म्हणून बोलावते. त्यांची बायको नुकतीच वारली असं धरायचं आणि आम्ही आठ मिनिटांत त्यांच्याशी धीराचं बोलायचं. मोठेबाबा, तो माणूस असा रडला की खालचा चौकीदार वर आला. छाती बडवली, खाटेवरून अर्धा लोंबकळला, मधे एक पदही म्हटलं. मला बोलायला जागाच नाही. सहा मिनिटं ऐकलं, मग तोंडातून निघून गेलं, "पुरे करा ना भाऊ आता, टाइम संपून राहिला!"

१८ सप्टेंबरला फेरपरीक्षा आहे. त्यातही गेली तर वर्ष गेलं. बाबांनी सांगून ठेवलं आहे, वर्ष गेलं तर सामान घेऊन घरी ये, झालं तेवढं शिकणं बस.

म्हणून विचारते. विचारू नये, पण दुसऱ्या कोणाला विचारू? मोठीआई गेली तेव्हा गावचे, नात्याचे इतके लोक तुम्हाला भेटून गेले. त्यातल्या कोणाचं बोलणं बरं वाटलं? मी तर तेव्हा तुमच्यासमोर येऊन "मोटर बंद करू का?" एवढंच बोलली होती. अजून आठवलं की लाज वाटते.

तुमची
राखी

•

पिंपळटोला
१२ जुलै २०२५

चि. राखी, आशीर्वाद.

तुझे पत्र गुरुवारी मिळाले. पिनकोडचा शेवटचा आकडा चुकला होता. आधी ते दुसऱ्या गावी जाऊन आले. पुढच्या वेळी नीट लिही.

धानाचे रोवणे निम्मे झाले. तलाव अजून भरायचा आहे. तुझे बाबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ गजेंद्र, परवा येऊन शेतातली बांधी पाहून गेला. मी तुझ्या परीक्षेचे त्याच्याजवळ काढले नाही.

तू विचारलेस त्याचा विचार केला. लोक पुष्कळ आले. गावच्या सोसायटीच्या लोकांनी तेरवीपर्यंत रोज माणूस पाठवला. शेजारचा ईश्वरदास अजूनही रोज सायंकाळी येतो, "चालायचंच" म्हणतो, चहा पितो आणि जातो. चहा मीच करतो. तुझ्या आत्याने पत्रिका पाहून सांगितले की हे होणारच होते. ते आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

प्रत्येक जण "जेवले का?" असे विचारी. मी "हो" म्हणत असे. त्यावर पुढे कोणी काही म्हणत नसे. एकदा समोरची शामकला आली. तिनेही तेच विचारले, मी "हो" म्हटले. तर ती म्हणाली, "काय जेवले?" मला उत्तर सुचले नाही. खोटे सांगायलाही एखाद्या भाजीचे नाव आठवावे लागते. ती आत गेली, भाताच्या गंजात पाहिले, आणि भात टाकला. एवढे एक मला लक्षात आहे.

तू मोटरचे विचारलेस ते चुकीचे नव्हते. मोटर खरोखरच चालू होती.

एक काम आहे. कोहळ्याच्या वड्यांना पावसाळ्यात बुरशी लागते का ते तुझ्या आईला विचारून कळव. तुझ्या मोठीआईने डिसेंबरात वाळवलेल्या आहेत. एक डबा आहे. उघडलेला नाही. घाई नाही.

उमराव

•

गोंदिया
रविवार, २७ जुलै

मोठेबाबा, नमस्कार.

पिनकोड या वेळी दोनदा तपासला.

तुमची शामकला मावशी आमच्या कॉलेजात फार गाजली. मी फक्त रेणूला सांगितलं, रेणूनं वर्गाला सांगितलं. आता सगळ्या पोरी जिन्यात भेटल्या की "काय जेवली?" म्हणतात. रेणूनं तर रबराच्या पेशंटलाही विचारलं. तो म्हणाला, "सिस्टर, दर्द हो रहा है."

पण भुपेंद्रभाऊंसमोर काही चालत नाही. मंगळवारी सराव होता. आपण 'काय' म्हणेपर्यंत ते गुडघ्यावर येतात. मी विचारलं, "भाऊ, तुम्ही थोडं दमानं नाही का रडू शकत?" तर म्हणाले, "पोरी, हजार लोकांच्या मंडपात मागच्या रांगेपर्यंत दुःख पोचवा लागते. सवय आहे." माणूस वाईट नाही. कँटीनमधे सगळ्यांना आपल्या डब्यातलं देतात. पण फेरपरीक्षेला तेच राहणार आहेत. प्रेरणा मॅडम म्हणाल्या, दुसरा कोणी शांत, वयस्क माणूस भेटला तर सांगा, अर्धी मुलं त्याच्याकडे देऊ. पेशंट चिठ्ठी टाकून ठरवतात.

मी कोणाचं नाव सांगितलं नाही. तुम्हाला फक्त कळवून राहिली.

आई म्हणते, वड्यांना दर आठ दिवसांनी ऊन दाखवा, नाहीतर खाऊन टाका.

राखी

•

पिंपळटोला
२ ऑगस्ट २०२५

चि. राखी, आशीर्वाद.

वड्यांचा डबा बंदच्या बंद उन्हात ठेवला. असे चालते का ते माहीत नाही.

१३ तारखेला मला चष्म्यासाठी गोंदियाला यायचेच आहे. तुझ्या मॅडमना सांग, एक माणूस आहे. शांत आहे. आपले नाते सांगायला हरकत नाही. पण घरची बाकी हकीकत सांगू नकोस. ती काही या कामाची पात्रता नाही.

उमराव

•

पिंपळटोला
१६ ऑगस्ट २०२५

चि. राखी, आशीर्वाद.

बुधवारी तुझी दवाखान्यात ड्यूटी होती म्हणून भेट झाली नाही. काय झाले ते तुला दुसऱ्यांकडून कळण्याआधी मीच लिहितो.

इमारत चांगली आहे. पाणी कुठून वाहून जाईल ते पाहण्याची आपल्या घराण्यात सवय आहे, म्हणून आधी चौक पाहिला. उतार बरोबर दिला आहे. कडुनिंबाभोवती ओटा आहे, त्यावर बसलो. मग मॅडम मला वर घेऊन गेल्या. पाठीमागे नाड्या असलेला अंगरखा दिला. मी पँट राहू देण्याची परवानगी मागितली, ती मिळाली.

एक कार्ड दिले. त्यावर लिहिले होते: नाव रामप्रसाद, वय ६२, निवृत्त. पत्नी काल वारली. रुग्ण खचलेला आहे, सहज बोलत नाही. मला यात अवघड काही वाटले नाही.

सहा विद्यार्थी आले. त्यांनी विचारले, कसे आहात? मी म्हटले, बरा आहे. झोप लागते का? लागते. काही बोलावंसं वाटतं का? नाही. यानंतर ते आपल्या कागदाकडे पाहत आणि मी खिडकीतून झाडाकडे पाहत असे. शेजारच्या खाटेवरचा रबराचा माणूस मधूनमधून खोकायचा, तेवढाच आधार. एका मुलीने आल्याआल्या विचारले, "काय जेवले?" मी "मुरमुरे" म्हटले. ते खरे होते. पण पुढचा प्रश्न तिच्याजवळ नव्हता. ती मला नमस्कार करून गेली. सर्वात जास्त वेळ अडीच मिनिटे झाला.

शेवटी विद्यार्थी रुग्णाबद्दल एक फॉर्म भरतात. तो मला वाचायला दिला. सहापैकी पाच जणांनी लिहिले होते, 'रुग्णाचे दुःख दिसत नाही.' एकाने लिहिले, 'रुग्ण सहकार्य करतो.'

तुझ्या मॅडम भल्या आहेत. म्हणाल्या, काका, पहिल्यांदा असंच होतं, भुपेंद्रजींकडून थोडं शिकून घ्या. भुपेंद्र मला कँटीनमध्ये घेऊन गेला. डब्यातले पोहे दिले. पोह्यांत शेंगदाणे भरपूर होते. खांदे कसे पाडायचे, श्वास पोटातून कसा घ्यायचा, हुंदका गळ्यात न अडवता वर कसा सोडायचा, हे त्याने करून दाखवले. आजूबाजूच्या लोकांनी खाणे थांबवले. मग मला करायला लावले. मी केले. तो माझ्याकडे पाहत म्हणाला, "भाऊ, चेहरा तुमचा एकदम बरोबर आहे. पण आत मसालाच नाही. बायको मेल्यावानी वाटतच नाही. असं करा, घरी गेले की वहिनीला समोर बसवा आणि त्या नाही असं समजून सराव करा."

मी बरे म्हटले.

त्याची चूक नाही. त्याला माहीत नव्हते. माणूस मनापासून शिकवत होता. घरी आल्यावर मी खांदे पाडून बसून पाहिले. ईश्वरदास म्हणाला, "पाठ धरली का?"

चष्मा पुढच्या आठवड्यात मिळेल. १८ सप्टेंबरला येतो असे मॅडमना सांगितले आहे.

उमराव

•

गोंदिया
रविवार, २४ ऑगस्ट

मोठेबाबा,

तुमचं पत्र कडुनिंबाच्या ओट्यावर वाचलं आणि तशीच वर मॅडमच्या खोलीत गेली. सांगून टाकलं सगळं. म्हटलं, तो माणूस नाटक करून नव्हता राहिला. त्याची बायको खरंच गेली आहे, जानेवारीत, आणि तुम्ही त्याला सहापैकी पाच फॉर्मवर नापास केलं.

मॅडम खुर्चीतून उठून पुन्हा बसल्या. फॉर्म कपाटात ठेवून कुलूप लावलं. कशाला लावलं कोणास ठाऊक. ज्या मुलीनं मुरमुऱ्यांचं ऐकून नमस्कार केला ती दोन दिवस जेवली नाही. तिला सगळ्या विचारत होत्या, काय जेवली.

भुपेंद्रभाऊ तर माझ्या वर्गाबाहेर येऊन उभे राहिले. "पोरी, मी काय बोलून गेलो गं!" म्हणाले आणि रडायला लागले. मोठेबाबा, त्यांना नीट रडताच येत नाही. नुसती उचकी लागते आणि नाक वाहते. आवाज तर दोन हातांवर ऐकू येत नव्हता. मीच त्यांना पाणी दिलं.

मॅडम म्हणतात, तुम्ही परत याल तेव्हा तुम्हाला आधी 'निवांत' खोलीत बसवू. तुमच्याशी मोकळेपणानं बोलायचं आहे त्यांना. मला वाटते, चांगलंच होईल.

पोळा कसा झाला?

राखी

•

पिंपळटोला
२९ ऑगस्ट २०२५

चि. राखी,

सांगायला नको होते. मी तुला तसे लिहिले होते.

सात महिने झाले. मी पानठेल्यावर गेलो तर लोक बोलणे थांबवतात. लग्नात गेलो तर मला बाजूची खुर्ची देतात. बँकेतला माणूससुद्धा माझ्याशी हळू आवाजात बोलतो. तुमच्या कॉलेजची ती खाट ही एकच जागा होती जिथे माझ्याकडे कोणी तसे पाहत नव्हते. तिथे मी फक्त एक वाईट नट होतो. मला ते बरे वाटले होते.

आता तिथेही मला बसवून मोकळे करणार. मी येणार नाही. मॅडमना कळव.

पोळा झाला. चष्मा मिळाला.

उमराव

•

गोंदिया
रविवार, ७ सप्टेंबर

मोठेबाबा,

चुकलं माझं. तोंडाला लगाम नाही म्हणून तर नापास झाली, तेच तुमच्यासोबतही केलं.

मॅडमना कळवलं. आता भुपेंद्रभाऊ एकटेच पेशंट राहिले. ते म्हणून राहिले की या वेळी कमी रडतील, पण काल सरावात त्यांनी नवीन पद बसवलं आहे.

या म्हणून लिहून नाही राहिली. वड्यांना ऊन दाखवा.

राखी

•

गोंदिया
रविवार, १४ सप्टेंबर

मोठेबाबा,

उत्तर नाही आलं. गुरुवारी परीक्षा आहे, सकाळी दहाला. बाबांनी फोनवर विचारलं, पेटी आणायला गाडी पाठवू का? मी म्हटलं, निकाल तर लागू द्या.

राखी

•

गोंदिया
रविवार, २१ सप्टेंबर

मोठेबाबा,

तुम्ही आलात आणि मला न भेटता गेलात. चौकीदारानं सांगितलं, ते बाबा एकच्या बसनं कोहमाऱ्याकडे गेले.

मला माहीत आहे कशानं. चिठ्ठीत मला खाट क्रमांक चार निघाली, पडदा सरकवला तर तिथं तुम्ही. नाड्यांचा अंगरखा घालून, नवीन चष्मा लावून. मला इतका आनंद झाला की बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंसमोरच ओरडली, "हे तर माझे मोठेबाबा आहेत! यांच्याशी कसं चालेल?" चूप बसली असती तर चाललंही असतं, त्यांना काय माहीत. पण मग ते पास होणं माझं नसतं. बाईंनी तुम्हाला उठवून नेलं आणि मला खाट क्रमांक दोनवर पाठवलं. भुपेंद्रभाऊ.

मोठेबाबा, मी गेली. पुन्हा नापास. मधेच सगळे हसायला लागले, भुपेंद्रभाऊ अडकून गेले, मी घाईत काहीबाही बोलली आणि घंटी वाजली. काय बोलली तेही नीट आठवत नाही. डब्याचं काहीतरी. बाहेर आली तर तुम्ही नव्हता. मी चारचौघांत पुन्हा तुमचं नातं काढलं म्हणून तुम्हाला राग आला असेल. तुम्ही माझ्यासाठी आले आणि मी तुम्हाला खाटेवरून उठवलं.

निकाल चार तारखेला आहे. पेटी बांधून ठेवली.

राखी

•

पिंपळटोला
२४ सप्टेंबर २०२५

चि. राखी, आशीर्वाद.

राग आला नाही. पेटी सोड.

तुला माहीत नसलेले लिहितो. परीक्षक बाईंनी मला उठवले आणि दुसरी चिठ्ठी निघेपर्यंत शेजारच्या छोट्या खोलीत बसवले. त्या खोलीच्या भिंतीला एक काच आहे. तिथून वॉर्ड दिसतो, वॉर्डातून ती काच आरशासारखी दिसते. तू आत आल्यावर तिच्यात पाहून केस नीट केलेस. मी समोर होतो. वर एक स्पीकर आहे, त्यातून सगळे ऐकू येते. तिथे प्रेरणा मॅडम होत्या, आणखी दोन मास्तर होते.

भुपेंद्रने सुरुवात जोरात केली. पद म्हटले. मला वाटले, आता तू म्हणशील, पुरे करा. तू म्हटले नाहीस. स्टूल घेतलेस आणि बसलीस. तो खाली घसरला तर त्याला धरून वर घेतलेस आणि पुन्हा बसलीस. पाच मिनिटे गेली. मॅडम घड्याळ पाहत होत्या. तो दम घ्यायला थांबला तेव्हा तू विचारलेस, "जेवले का भाऊ?"

तो म्हणाला, "हो."

"काय जेवले?"

या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कार्डावर नव्हते. तू खरोखर विचारतेस असे त्याला वाटले असावे. तो एकदम साध्या आवाजात म्हणाला, "पोहे. घरवालीनं डबा देला होता."

तेव्हा सगळे हसले. कार्डाप्रमाणे घरवाली मेलेली होती. परीक्षक बाईंनी तोंडावर वही धरली. मास्तर भिंतीकडे वळले. भुपेंद्रने जीभ चावली, ते मला स्पष्ट दिसले. मलाही हसू आले. बऱ्याच दिवसांनी आले.

तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "डबा कुठी आहे?"

"पिशवीत."

"संपवला?"

"नाही. अर्धा आहे."

मग तू जे म्हणालीस ते तुला आठवत नाही असे लिहितेस, म्हणून लिहून देतो. तू म्हणालीस, "मंग खाऊन घ्या. काऊन ठेवून राहिले? ठेवला तर खराब होईल. तिनं खायलेच देला होता ना."

आमच्या खोलीतले हसणे थांबले. घंटी वाजेपर्यंत भुपेंद्र तसाच बसून होता. तो रडला नाही. तुला ते अडकणे वाटले. मला तसे वाटले नाही.

मी मॅडमना म्हटले, मला थोडे बाहेर जायचे आहे. त्यांनी दार उघडले. मी जिना उतरून पहिल्या मजल्यावर आलो आणि त्या निवांत खोलीत गेलो. मला कोणी नेले नाही. गादीवर बसलो. समोर कँटीनमध्ये बावीस माणसे समोसे खात होती. मी मोजली, कारण ती सगळी माझ्याकडे पाहत होती. पाच मिनिटांनी चौकीदार आला. "बाबा, किसी का इंतजार है क्या?" मी हो म्हटले. तो म्हणाला, "किसका?" पुन्हा तेच झाले, पुढचे उत्तर तयार नव्हते. तो गेला आणि चहा घेऊन आला. चहा घेतला आणि उठलो. त्या खोलीत जे करायचे असते ते या स्थितीत करता येत नाही. बसमध्ये सर्वात मागची जागा रिकामी होती. वाटेतले गोरेगाव येईपर्यंत ती पुरली.

तुमच्या इमारतीचा नकाशा काढणाऱ्याने उजेड, वारा, झाड, सगळ्याचा विचार केला आहे. पडदा मात्र राहिला. पार्सल वेगळे पाठवतो आहे. त्यात तुझ्या मोठीआईचे हिरवे लुगडे आहे, जाड सुताचे. काचेच्या दाराला पुरेल. मॅडमना विचारून लावा. लावायचे नसेल तर परत पाठवू नकोस, तुझ्याजवळ ठेव.

उमराव

•

गोंदिया
रविवार, ५ ऑक्टोबर

मोठेबाबा, नमस्कार!

पास!! पंचवीसपैकी अठरा. परीक्षक बाईंनी शेऱ्यात लिहिलं आहे, 'भाषा रांगडी. ऐकून घेते. प्रश्न योग्य.' बाबांना फोन केला तर म्हणाले, "रांगडी म्हणजे चांगलं का वाईट?" मी म्हटलं, अठरा गुणांचं आहे.

लुगडं लावलं. मी, रेणू आणि मॅडमनी मिळून वर नाडी ओवली. लुगड्याचे काठ गादीपर्यंत येतात, आत बसलं की सगळी खोली हिरवी दिसते. मॅडम म्हणाल्या, एवढ्या मोठ्या कमिटीच्या डोक्यात हे कसं नाही आलं? आता खोलीसमोर रांग लागते, मोठेबाबा. खरं सांगू का, रडायला थोड्याच जातात. बाकीच्या झोपतात. परवा आतून घोरणं ऐकू आलं, पडदा सरकवला तर भुपेंद्रभाऊ.

ते पुढच्या महिन्यात नाटकाला निघून जातील. त्यांनी तुम्हाला निरोप दिला आहे: "भाऊंना सांग, मीच तुमच्याकडून शिकाले पाहिजे होतं." त्यांच्या घरवालीनं तुमच्यासाठी पोहे पाठवते म्हटलं. मी म्हटलं, पोचेपर्यंत खराब होतील.

दिवाळीच्या सुट्टीत मी आधी पिंपळटोल्याला येईन, मग घरी.

जेवले का? हो म्हणू नका. काय जेवले?

राखी

•

पिंपळटोला
९ ऑक्टोबर २०२५

चि. राखी, आशीर्वाद.

पत्र तिसऱ्या दिवशी पोचले. पिनकोड बरोबर होता.

पास झालीस, चांगले झाले. गजेंद्र परवा येऊन गेला. 'रांगडी' हा शब्द त्याने तीन वेळा सांगितला. ईश्वरदासला पेढा दिला. तो सवयीने "चालायचंच" म्हणाला.

हलका धान कापायला आला आहे. तलाव या वर्षी सांडव्यापर्यंत भरला.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर. मंगळवारी दुपारी डबा उघडला. बुरशी लागली नव्हती. वड्या शंभराच्या वर असतील. शामकलाला विचारले कशा करायच्या. तिने आपल्या ओट्यावर उभी राहून सांगितले आणि मी केले. वीस वड्या तळून वांग्यात टाकल्या. भात टाकला. ताटात वाढून घेतले आणि जेवलो. दोनदा घेतले.

वड्यांत मीठ जास्त होते. तिच्या हातून दर वर्षी जास्तच पडायचे. एकोणचाळीस वर्षांत मी तिला तसे कधी बोललो नाही. मंगळवारी बोललो. घरात कोणी नव्हते म्हणून चांगले मोठ्याने बोललो. समोरून शामकलाने विचारले, "काय झालं भाऊ?" मी म्हटले, वड्या खारट आहेत. ती म्हणाली, "मंग? आता काऊन सांगून राहिले?"

त्यावर मला हसू आले.

ऐंशीच्या वर वड्या बाकी आहेत. दिवाळीला येशील तेव्हा भुपेंद्रला घेऊन ये. त्याच्या घरवालीलाही.

उमराव